वरच्या वाटेची गौर

तोंडात वहाळाच्या पाण्याची चूळ, हातात गडू, गडूत खडे आणि पुढ्यात दोन वाटा. पाठीमागे नऊ बायका उभ्या होत्या. त्यांच्याही तोंडात पाणी. म्हणजे मला काही विचारता येत नव्हतं आणि त्यांना काही सांगता येत नव्हतं. मागे वळून बघावं, तर गौर आणताना मागे बघायचं नसतं, हे आमच्या वाडीत परकऱ्या पोरींनाही ठाऊक.

डावीकडची खालची वाट. भाताच्या खाचरांच्या मेरेवरून, चिखल तुडवत, मोठा वळसा घालून वाडीत जाणारी. सहा वर्षं आमच्या गौरी त्याच वाटेनं येत होत्या. उजवीकडची वरची. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढली की थेट सिंधूवहिनींच्या अंगणात पाऊल पडायचं. आमच्याकडे गौर म्हणजे वहाळातून वेचलेले सात खडे. माझ्या गडूत सात खडे माझ्या घरचे होते आणि सात सिंधूवहिनींचे. हे मला माहीत होतं आणि बाकीच्या नऊ जणींनाही माहीत असणार. पण त्यावर उघड कुणी बोललं नव्हतं.

पाऊल उचलायचं होतं आणि ते उचलत नव्हतं.

आता ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगायचं, तर आधी वानरांचं सांगायला हवं.

त्या वर्षी चातुर्मासात मी मौनाचा नेम धरला होता. सूर्य उगवल्यापासून दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही. नेम मी दरवर्षी काही ना काही धरतेच. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, मारुतीला रोज पहाटे दिवा लावायचा, हा तर लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. पण मौन पहिल्यांदाच. मुळात माझा आवाज बारीक, त्यात बोलणं कमी. त्यामुळे मी मौन धरलंय हे घरात चौथ्या दिवशी कळलं. तेही ह्यांनी चहात साखर घातलीस का म्हणून तीनदा विचारलं आणि उत्तर आलं नाही, म्हणून. मग हे म्हणाले, "मला वाटलं नेहमीसारखी आहेस."

आमच्या पडवीतल्या खोलीत तेव्हा नयना परुळेकर राहत होती. पुण्याला शिकणारी, तेविशीतली मुलगी. वैशाखात आली होती ती वानरांचा अभ्यास करायला. अभ्यास म्हणजे काय, तर वानरांची टोळी सकाळी उठून कुठे जायचं हे ठरवते कशी, एवढाच. वाडीतल्या पुरुषांना याचं भारी हसू आलं होतं. एवढ्यासाठी पुण्याहून कशाला यायला हवं, हुप्प्या ठरवतो आणि बाकीची जातात, असं जो तो तिला सांगून गेला. नयना सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे चारला गमबूट घालून तयार.

टोळी रात्रीला मारुतीच्या देवळामागच्या पिंपळावर आणि दोन उंबरांवर असायची. म्हणून ती आणि मी एकदमच सडा चढायचो. मी दिवा लावून, गूळ-चणे ठेवून देवळाच्या जोत्यावर जप करत बसायचे. ती शेजारी वही उघडून बसायची. तिला बोलायचं नसायचं आणि मला बोलता यायचं नाही. आठ-पंधरा दिवसांत वानरांनी आम्हा दोघींना देवळाच्याच खांबांत जमा केलं. एक पिल्लू तर माझ्या वातींच्या डबीशी खेळून जायचं. नयना म्हणायची, "मावशी, तुमच्यासारखी जोडीदारीण मला मागून मिळाली नसती."

जप करताना डोळे मिटायचे असतात. पण खरं सांगते, माझे मिटत नसत. पुढ्यात जे चाललेलं असायचं ते बघण्यासारखंच होतं.

उन्हाची तिरीप आली की सगळी टोळी पानं ओरबाडणं थांबवून नुसती बसून राहायची. कुणी कुणाच्या पाठीतल्या उवा काढतेय, कुणी पिल्लाला पाजतेय. मग एक म्हातारी वानरीण खाली उतरायची. तिचा डावा कान अर्धा तुटलेला. ती एका दिशेला पंधरा-वीस पावलं चालायची, थांबायची, बसायची आणि खांद्यावरून मागे बघायची. ओरडायची नाही, कुणाला ओढायची नाही. नुसती बघायची. मागून दुसरी कुणी उतरली, तिसरी उतरली, की पाठोपाठ सगळी रांग लागायची. हुप्प्या आपला सर्वांत शेवटी, शेपटीचा आकडा वर करून, जसं काही हे सगळं त्याच्याच हुकमानं चाललंय.

पण एखाद्या दिवशी कुणीच उतरायचं नाही. मग तुटक्या कानाची थोडा वेळ वाट बघायची, शेजारच्या झुडपाचं एक पान खुडायची, ते सावकाश खायची आणि परत येऊन आपल्या जागेवर बसायची. आपण कुठे गेलोच नव्हतो, नुसतं पान खायला उतरलो होतो, असा चेहरा. ना रुसवा, ना फुगवा. मला तिचं फार कौतुक वाटायचं. माझ्या हातून असं परत येणं झालं असतं, तर मी आठ दिवस तोंड लपवून बसले असते.

नयनाच्या वहीत तेव्हा काय चाललेलं असायचं तेही मी कडेनं बघत होते. प्रत्येक वानराला एक लहानसा गोल, आणि गोलातून बाहेर आलेला एक बाण. पानंच्या पानं गोल आणि बाण. मला तर ती चातुर्मासातली गोपद्मंच वाटायची.

बारा वाजले, नैवेद्य झाला, की माझं तोंड उघडायचं. एकदा पानं वाढता वाढता मी तिला विचारलं, की म्हातारी उठते म्हणजे तीच ठरवते ना. हे ताटावर बसले होते. ते म्हणाले, "यात शोधायचं काय आहे? घरोघरी तेच."

नयना हसली. मग म्हणाली, "मलाही पहिले दोन महिने असंच वाटलं, मावशी. आपण नेहमी उठणारीकडे बघतो. ती उठायच्या आधी बाकीच्यांचं काय चाललंय, ते बघायचंच राहतं."

तिचं बोलणं मला तेव्हा नीटसं कळलं नाही. आमटी करपत होती, मी आत गेले.

आता सिंधूवहिनींचं. सिंधूवहिनी म्हणजे माझ्या चुलत जाऊबाई. त्यांचं घर पाखाडीच्या माथ्यावर, पहिलंच. पाणवठ्याची जुनी वाट त्यांच्या अंगणातूनच जाते. सहा वर्षांपूर्वी गणपतीत आरत्या म्हणत घरोघर फिरणारी पुरुषमंडळी त्यांच्या अंगणात शिरली. झांजांच्या नादात कुणाचा तरी धक्का भाऊंच्या दुधीच्या मांडवाला लागला आणि मांडव दुधींसकट खाली बसला. भाऊ म्हणजे सिंधूवहिनींचे यजमान, माणूस तापट. ते म्हणाले, उद्यापासून माझ्या अंगणातून कुणी जायचं नाही. आरतीवाल्यांतून कुणीतरी म्हणालं, नाही जाणार. दोन्ही बाजू शब्दाच्या पक्क्या निघाल्या.

तेव्हापासून वाडी खालच्या वाटेनं जाऊ लागली. सिंधूवहिनी आपल्या गौरीचे खडे मागच्या विहिरीवरून एकट्या आणू लागल्या. आणि माझ्या मौनाच्या वर्षी होळीच्या सुमाराला भाऊंचं उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. म्हणजे ज्यानं शब्द टाकला त्याला आता तो मागे घ्यायचा झाला तरी घेता येत नव्हता. बाकी कुणी तो उचलावा, तर उचलायचा कुणी?

श्रावण सरता सरता एका दुपारी सिंधूवहिनींनी मला गडग्यापाशी हाक मारली. दगडांच्या त्या कुंपणाच्या पलीकडून त्यांनी हळदीच्या पानांतले पातोळे माझ्या हातात ठेवले आणि सांगितलं, की मुलगा गणपतीनंतर न्यायला येतोय. बदलापूरला. तिथे भाऊंच्या औषधपाण्याची सोय आहे. घराला कुलूप लागेल. परत कधी येणं होईल ते देवाला ठाऊक.

मग म्हणाल्या, "यंदा ह्यांना एकटं टाकून मला विहिरीवर जायला व्हायचं नाही गो."

मी म्हटलं, "मी आणत्ये ना तुमचे खडे."

"आणशील गो. पण कुठच्या वाटेनं?"

त्याच पुढे म्हणाल्या, "पाठच्या दारानं, पदराखालनं नको हो आणूस. गौर आहे ती. यायची तर अंगणातून येईल, सगळ्यांसंगती. नाहीतर मी रित्या पाटाला कुंकू लावीन नि घर बंद करीन. तसं सांग मला."

पातोळे गरम होते. माझा हात भाजत होता तरी मी ते खाली ठेवले नाहीत.

मग पुढचे चार दिवस दुपारी बारानंतर मी एकेक घर घेतलं. जोशांची शालन माझ्या वयाची, मैत्रीण म्हणावी अशी. तिच्यापासून सुरुवात केली. ती म्हणाली, माझं काही नाही गं, पण बाकीच्यांना चालेल का ते बघ. दुसऱ्या घरी तेच. माझं काही नाही, पण मथूकाकूंना विचारलंस का. तिसऱ्या घरी सासू म्हणाली सुनेला विचार, सुनेनं डोळ्यांनी सासूकडे दाखवलं. अशी मी आठ घरं फिरले आणि आठ घरांतून 'माझं काही नाही'चा आहेर घेऊन आले.

राहिल्या मथूकाकू. सत्तरीच्या पुढच्या, वाडीतल्या सगळ्यांत मोठ्या. गौरी आणायला पुढे नेहमी त्याच. कुठली वाट, किती खडे, तेरडा कुणी घ्यायचा, घंटा कुणी वाजवायची, सगळं त्यांच्या जिभेवर. आणि त्यांचा एक नियम कडक: गौर फुटता कामा नये. म्हणजे सगळ्या बायकांनी एका रांगेत, एका वाटेनं यायचं. मला त्यांच्यापुढे बोलायची तशीही भीती वाटायची. खाली मान घालून मी सगळं सांगितलं. त्यांनी गुडघ्याला तेल चोळता चोळता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं काही नाही हो गो. मी म्हातारी झाल्ये. पण बाकीच्या बायकांना रुचेल का?"

रात्रीच्या जेवणाला मी ह्यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "मग ठरलंच की."

"काय ठरलं?"

"कुणाचंच काही नाही, असं ठरलं."

नयनानं ताटावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा भात कालवू लागली.

गौरीचा मुहूर्त त्या वर्षी सकाळचा होता. पाऊस उघडला होता. आम्ही दहा जणी वहाळावर जमलो. पलीकडच्या काठावर नयना आधीच एका खडकावर वही घेऊन बसली होती, कारण टोळी त्या दिवशी पलीकडच्या ऐनाच्या झाडांवर आली होती. तुटक्या कानाची एका फांदीवर पाय सोडून आमचीच गंमत बघत होती.

मथूकाकू काठी टेकत आल्या. म्हणाल्या, गुडघा धरलाय, यंदा मी मागे राहीन. मग काठीचं टोक माझ्याकडे केलं.

"ही पुढे होऊ दे. हिचं तोंड आयतंच बंद असतं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मौनात हसायला चालतं. पण पुढे राहणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. मी जन्मभर रांगेच्या मधोमध चालले होते. पुढचीचा पदर दिसायचा आणि तेवढ्यानं भागायचं.

आम्ही खडे वेचले. मी सात वेचले, नंतर आणखी सात. कुणी काही म्हटलं नाही. मग चुळा भरल्या, गडू उचलले, मागे घंटा वाजली आणि मी चार पावलं चालून त्या फाट्याशी येऊन उभी राहिले. सहा वर्षांच्या सवयीनं माझं तोंड खालच्या वाटेकडे होतं.

माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. वर वळले आणि मागून कुणी आलं नाही, तर गौर फुटली आणि ती मी फोडली, हा बोल जन्माचा. खाली गेले, तर सिंधूवहिनी रित्या पाटाला कुंकू लावणार. मारुतीरायाचं नाव घेतलं. तोही काही बोलला नाही. त्याचंही मौनच असावं.

आणि मग मला ती तुटक्या कानाची आठवली. पंधरा-वीस पावलं. त्यापलीकडे ती तरी कुठे जाते? पंधरा-वीस पावलांनी कुणाची गौर फुटत नाही.

मी उजवीकडे वळले आणि पाखाडी चढू लागले. मनात पायऱ्या मोजत होते. सोळा, सतरा, अठरा. विसाव्या पायरीवर थांबले. तिला मागे बघायची मुभा होती, मला नव्हती. म्हणून मी कान दिले.

वहाळाचा आवाज येत होता. पाऊल एकीचंही वाजत नव्हतं. बांगडी नाही, घंटा नाही. तोंडातलं पाणी कोमट होत आलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर अख्खा चातुर्मास उलटल्यासारखं झालं. कुणी येत नाही, हे मला कळून चुकलं. आता परत फिरायचं, तेही मागे न बघता, म्हणजे उलट्या पावलांनी पायऱ्या उतरायच्या की काय, हेही सुचेना. पायरीच्या कडेला तेरडा फुलला होता. मी वाकले आणि एक फूल खुडलं. नंतर आणखी एक. आपण पुढे निघालोच नव्हतो, नुसत्या तेरड्याला आलो होतो, असा चेहरा करायचा प्रयत्न केला. वानरिणीला जमतं तसं मला जमलं नसावं.

तेवढ्यात मागे काठी वाजली. टक. थांबून पुन्हा टक. काठी एकेक पायरी चढत होती. माझ्या अगदी पाठीशी येऊन ती थांबली आणि तिचं टोक माझ्या कमरेत रुतलं, बैलाला टोचावं तसं.

मी चालू लागले. मागे पावलं वाजली, बांगड्या वाजल्या, घंटा वाजली. किती जणी आहेत ते मोजायची गरज उरली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तोंडातल्या पाण्यासारखं धरून ठेवलं.

पाखाडीचा माथा आला आणि समोर पांढरी पावलं दिसली. सिंधूवहिनींनी रांगोळीची पावलं काढून ठेवली होती. शेवटच्या पायरीपासून अंगणभर, तुळशीला वळसा घालून, थेट ओटीपर्यंत. आम्ही कुठच्या वाटेनं येणार हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. आम्ही दिसलो तशा त्या पायरी उतरून पुढे आल्या.

भाऊ पडवीत खुर्चीवर होते. त्यांनी डावा हात उचलला. आधी कपाळाला लावला, मग अंगणभर फिरवला. या, असा. त्यांना बोलता येत नव्हतं आणि आमच्या दहाही जणींच्या तोंडात पाणी. त्या अंगणात सहा वर्षांचं भांडण मिटत होतं आणि अवाक्षर कुणी काढत नव्हतं. मी हळूच मथूकाकूंकडे पाहिलं. आता त्या माझ्या बरोबरीनं उभ्या होत्या, त्यामुळे ते मागे बघणं नव्हतं. त्यांनी तोंडातलं पाणी गिळलं. ते तुळशीत टाकायचं असतं. मी पाहिलं, पण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सिंधूवहिनींनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. सात खडे पाटावर बसले. चुळा तुळशीत पडल्या आणि मग एकदम दहा बायकांच्या आवाजानं अंगण भरलं. दहा कसल्या, नऊ. माझे बारा वाजायचे होते. शालननं मला मिठी मारली. कुणी म्हणालं, हिनं वाट काढली हो. मथूकाकू मात्र काठीवर रेलून करवादल्या, "मधेच उभी काय राहिलीस गो? पाखाडीवर एका पायावर ताटकळत्ये मी. आणि ही आपली तेरडे खुडत्ये."

सगळ्या खूप हसल्या. मला वाटलं, मनातलं झाकायला बोलतात झालं. विचारायला तोंड उघडं नव्हतं, आणि बारा वाजल्यावर ते विचारायचंच राहिलं. नयनाही चातुर्मास संपताच वह्यांचं गाठोडं घेऊन गेली. जाताना पाया पडली तेव्हा म्हणाली, "मावशी, त्या दिवशी वानरांचं बघायचंच राहिलं माझं." मला वाटलं, मी तिचा दिवस फुकट घालवला.

सव्वीस वर्षं झाली त्याला. भाऊ पुढे दोन वर्षांनी गेले. सिंधूवहिनी बदलापूरहून दर गौरीला येत राहिल्या आणि कुलूप उघडून पावलं काढत राहिल्या. आता त्यांची नातसून काढते. मथूकाकू आता नाहीत. गौर वरच्याच वाटेनं येते, आणि पुढे मी असते. नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलीला कुणीतरी सांगतंच, ही वाट आपल्या काकूंनी उघडली. मी नको नको म्हणते. पण देवापुढे बसून खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचं. बाकी सगळं त्याच्या पायाशी ठेवत आले. एवढी एक गोष्ट पदराच्या गाठीला राखली होती. लहानशीच. माझ्या आवाजाएवढी.

गेल्या भाद्रपदात एके सकाळी सून मोबाईल घेऊन देवघराच्या दारात आली. नयनाचा निरोप होता. ती आता मोठी बाई झाली आहे, तिच्या हाताखाली मुलं वानरांचा अभ्यास करतात. निरोपात लिहिलं होतं, "मावशी, कपाट आवरताना हे पान सापडलं. तेव्हा तुम्हाला दाखवायचं राहून गेलं होतं." खाली जुन्या वहीच्या पानाचा फोटो.

सुनेनं बोटांनी फोटो मोठा केला. वर तारीख, खाली एक नागमोडी रेघ, म्हणजे वहाळ. त्यातून फुटलेल्या दोन वाटा. आणि फाट्याशी एकामागे एक दहा गोल. शेवटच्या गोलाशेजारी काठी काढलेली. प्रत्येक गोलाला एक बाण. वेळ लिहिली होती, आठ सदतीस. म्हणजे मी अजून वळले नव्हते, नुसती उभी होते, तेव्हाची.

नऊ बाण वरच्या वाटेकडे होते. काठीवाल्या गोलाचासुद्धा.

त्याखाली नयनाच्या बारीक अक्षरात एवढंच, "सगळ्या वर तोंड करून उभ्या. पुढचीच तेवढी अजून खालच्या वाटेकडे. चार मिनिटं तिची वाट बघताहेत." आणि पुढच्या ओळीत, "निघाली. बाकीच्याही. विसाव्या पायरीला थांबली. का? सगळ्या थांबल्या."

मी ते पान पुन्हा पाहिलं. कमरेत रुतलेली काठी आठवली, दारापर्यंत काढून ठेवलेली पावलं आठवली. ज्यांचं काही नव्हतं, त्या नऊ जणी चार मिनिटं तोंडात पाणी धरून माझ्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. मागे बघायचं नसतं, म्हणून मी बघितलं नव्हतं. बाकी कारण नव्हतं.

सून गोल मोजत होती. तिला सगळी गोष्ट ठाऊक, सगळ्यांना ठाऊक असते तशी. तिनं उत्साहानं विचारलं, "यात तुम्ही कुठच्या, आई?"

घड्याळात दहा वाजत होते. चातुर्मासाचा तो नेम मी अजून सोडलेला नाही. मी त्या एकुलत्या एक खालच्या बाणावर बोट ठेवलं. सून बाणाकडे बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा बाणाकडे बघते, आणि मला हसू आवरेना.

मौनात हसायला चालतं.